भाऊबीजेनंतर निघायचं असेल तर : मोटारसायकलवरच्या लांब प्रवासाआधीचे ९० दिवस

तीन महिन्यांच्या प्रवासाला जायचं ठरलं की नवखा माणूस आधी दुकान गाठतो. जॅकेट, बॅगा, मोबाइलचा स्टँड, हेल्मेटवरचा कॅमेरा. त्यानंतर तो गाडीकडे बघतो, मग कागदांकडे, आणि घरचं सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. हा क्रम पुरता उलटा आहे. वाटेत गाडी बिघडली तर मिस्त्री भेटतो, स्वेटर कमी पडला तर सिलिगुडीच्या बाजारात मिळतो. पण वडिलांच्या गोळ्या कोण आणणार हे ठरलेलं नसेल तर ते गुवाहाटीतून ठरवता येत नाही. म्हणून आधी घर, मग कागद, मग गाडी आणि शरीर, आणि सामान अगदी शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

डोळ्यांसमोर जो प्रवास आहे तो असा : मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्यातून निघून नागपूर, जबलपूर, वाराणसीमार्गे वर जायचं, वाटलं तर नेपाळची तराई, मग सिलिगुडीहून ईशान्येकडची राज्यं, आणि परतताना राजस्थान. दहा हजार किलोमीटरच्या आसपास. गाडी १५० ते ४०० सीसीची, जी आधीच दारात उभी आहे ती.

कधी निघायचं

पहिल्या लांब प्रवासासाठी भाऊबीजेनंतरचे दिवस आम्हाला सगळ्यात योग्य वाटतात. दसऱ्यापर्यंत सोयाबीन बहुतेक निघालेलं असतं, पाऊस उघडलेला असतो, दिवाळी घरच्यांसोबत होते आणि बहिणीचं ओवाळणं चुकत नाही. ईशान्येत जून ते सप्टेंबर पावसाने दरडी कोसळतात. नोव्हेंबरपासून रस्ते सुकतात. राजस्थान आणि कच्छ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बघावं. शिमग्याच्या आधी घरी पोचलात तर उन्हाळाही चुकतो.

अनेकांच्या मनात पहिलं नाव लडाखचं असतं. लडाख जून ते सप्टेंबरातलं. हिवाळ्यात मनाली–लेह रस्ता बर्फामुळे बंद असतो. जूनमध्ये तिथे पोचायचं तर मेअखेरीस मध्य भारत ओलांडावा लागतो, तेही ४२-४३ अंशांत. अशा वेळी पहाटे पाचला निघून अकराच्या आत थांबण्याची शिस्त लागते, आणि नवख्याकडे ती सहसा नसते. लडाख दुसऱ्या खेपेला ठेवा.

भाऊबीजेपासून ९० दिवस मागे मोजले की श्रावण येतो. श्रावणात घर आणि कागद, भाद्रपदात गाडी आणि शरीर, आश्विनात चाचणीची छोटी फेरी आणि सामान, अशी वाटणी करा.

श्रावण : वही, घर, पैसे

एक दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली नोंद नको, कारण ही वही घरच्यांनाही वाचता आली पाहिजे. पहिल्या चार पानांवर चार गोष्टी लिहायच्या.

पहिल्या पानावर, आपण का जातोय. फक्त पाच ओळी. लिहून झाल्यावर ज्या ओळीत कोणाला तरी काही दाखवायचं आहे ती खोडा. उरलेल्या ओळींवर तीन महिने निघतील का, हे आठ दिवसांनी पुन्हा वाचून बघा. एकच ओळ उरली आणि ती खरी असली तरी पुरते. एकही उरली नाही तर प्रवास पंधरा दिवसांचा करा. त्यात कमीपणा नाही, पंधरा दिवसांत अख्खा कोकण किनारा होतो.

दुसऱ्या पानावर, कशामुळे परत फिरायचं. ही यादी घरी, पोट भरलेलं असताना करायची. घरातलं मोठं आजारपण, हाड मोडणं, पैसे ठरलेल्या आकड्याखाली जाणं, सलग तीन दिवस ताप. यादीत नसलेल्या कारणासाठी परतावंसं वाटलं तर एक पूर्ण दिवस एका जागी थांबायचं, जेवायचं, झोपायचं, आणि मग ठरवायचं. भिजलेल्या अंगाने, संध्याकाळी, अनोळखी गावात घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी बहुतेक बदलावासा वाटतो.

तिसऱ्या पानावर भीती. डाव्या रकान्यात भीती, उजव्या रकान्यात तिच्यावरचं काम. ‘अंधारात गाडी बंद पडली तर?’ याच्यासमोर लिहायचं : दिवस मावळायच्या तासभर आधी मुक्कामी. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहापर्यंत उजेड असतो. वरच्या आसामात आणि अरुणाचलात साडेचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो. म्हणजे तिथला दिवस दुपारी साडेतीनला संपला असं धरायचं आणि सकाळी सहाला निघायचं. ज्या भीतीसमोर काम लिहिता येत नाही ती तशीच राहू द्या. तिला नाव दिलं तरी ती थोडी उतरते.

चौथं पान सोबत्यासाठी. दोघं जाणार असाल तर समोरासमोर बसून विचारून घ्या : ताशी किती वेगाने चालवणार, मुक्कामावर किती खर्च, सकाळी किती वाजता उठणार, दारू चालणार का, आणि एकाला परतायचं झालं तर दुसऱ्याने काय करायचं. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचाराच. दोन जिवलग मित्रांच्या वाटा फुटतात त्या बहुधा पहाटे उठण्यावरून आणि पैशांवरून.

आता घर. घर बंद करून सहा महिने कसं जायचं, हे बीड-जालन्याच्या गावांना शिकवावं लागत नाही. ऊसतोडीला निघणारं कुटुंब दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर संसार चढवतं, त्याआधी म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं, दाणे, जनावरं कोणाकडे हे सगळं ठरलेलं असतं. त्यांचं जाणं पोटासाठी असतं, आपल्या हौसेशी त्याची बरोबरी करू नये. पण मागे राहणाऱ्याची सोय आधी आणि स्वतःचं बोचकं नंतर, हा त्यांचा क्रम मात्र शिकण्यासारखा आहे.

वहीत ‘घर’ नावाचं पान करा आणि प्रत्येक कामासमोर माणसाचं नाव लिहा. ‘कोणीतरी बघेल’ असं लिहायचं नाही. वीजबिल आणि कर्जाचे हप्ते बँकेतून आपोआप जातील अशी सोय करा आणि एक महिना तसे जातात का ते बघा. आई-वडील निवृत्तिवेतन घेत असतील तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, नेमके तेव्हा तुम्ही बाहेर असणार. बँकेत कोण नेणार ते ठरवा. त्यांच्या रोजच्या गोळ्यांची नावं, मात्रा आणि दुकान एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा. शेती असेल तर रब्बीची ई-पीक पाहणी तुमच्या गैरहजेरीत येईल. ती शेतात उभं राहून मोबाइलवरून करायची असते. भावाला किंवा बायकोला खरीपाच्या वेळीच शेजारी उभं करून एकदा करायला लावा, नुसतं सांगून जमत नाही. बँक खातं, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्यावर वारसाचं नाव आहे का, तेही याच महिन्यात बघा.

घरच्यांना सांगण्याची वेळ पुढे ढकलू नका. जेवणं झाल्यावर, सगळे असताना, नकाशा पसरून सांगा. आई रस्ता विचारत नाही, ती विचारते ‘जेवशील कुठं, झोपशील कुठं’. त्याची उत्तरं तयार ठेवा. फोनचा नियम त्याच बैठकीत ठरवा : रोज रात्री आठला फोन किंवा एका ओळीचा निरोप. निरोप आला नाही तर ४८ तास काळजी करायची नाही, कारण डोंगरात नेटवर्क नसतं. ४८ तासांनंतर कोणी, कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करायचा ते वहीत लिहा. हा नियम नसेल तर पहिल्या रात्री नेटवर्क गेलं की अख्खं घर जागं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सुरू होतं ते ‘परत ये’.

पैशांचा हिशेब तोंडी करू नका. नमुना असा : दहा हजार किलोमीटर, लिटरला ३५ किलोमीटर धरले तर २८६ लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी सुमारे ३०,००० रुपये. साधं जेवण आणि साधा मुक्काम मिळून दिवसाला १,२००, म्हणजे ९० दिवसांचे १,०८,०००. गाडीची देखभाल १५,०००. राखीव ३०,०००. एकूण १,८३,०००. राखीव रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नका, सामानात वेगळं ठेवा. हे पैसे फक्त दवाखान्यासाठी आणि गाडी रेल्वेने परत पाठवण्यासाठी. रेल्वेच्या पार्सल कार्यालयात गाडी देताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गाडी गोणपाटात बांधावी लागते आणि आरसी व ओळखपत्राची प्रत लागते. पंजाबपर्यंत गेलात आणि अंगात त्राण उरलं नाही, तर अमृतसरहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडनंतर छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी करत थेट नांदेडला येते. ही गाडी आहे एवढं माहीत असलं तरी परभणीच्या आईला झोप लागते.

कागद

मूळ कागद एका जलरोधक पाकिटात, एक छापील संच सामानात, एक घरी, आणि एक फोनमध्ये. भारतात डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन चालतात. सीमेबाहेर मूळ कागदच लागतात.

लायसन, विमा आणि पीयूसी यांची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे दोन महिने आहे का बघा. विमा प्रवासात संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे ना, हेही तपासा. परराज्यात एमएच-२० असो की एमएच-३८, अडवणारा पहिल्यांदा प्लेटच बघतो. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं संमतिपत्र घ्या. गाडीवर कर्ज असेल आणि सीमा ओलांडायची असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या.

अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोरम आणि मणिपूर या चार राज्यांना इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्याला राज्यात शिरण्याचा परवाना, लागतो. उत्तर सिक्कीमसाठी वेगळा परवाना असतो. परवाने फार आधी काढू नका, त्यावर तारखा असतात आणि तुमच्या तारखा सरकणारच. राज्यात शिरण्याआधी आठ-दहा दिवस अर्ज करा. तिथली परिस्थिती कशी आहे हे निघण्याआधी आणि सीमेवर पोचण्याआधी, दोन्ही वेळा विचारा.

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत हवं. नुसत्या आधारवर विसंबून निघू नका. गाडीसाठी सीमेवर ‘भन्सार’, म्हणजे जकात शुल्क, दिवसांच्या हिशेबाने भरून पावती घ्यायची. दोन दिवस जास्तीचे धरूनच भरा, कारण पावतीवरची तारीख उलटली की दंड. शंभराच्या नोटा सोबत ठेवा. भूतानला भारतीयांकडून माणशी, दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतलं जातं. त्यामुळे दहा दिवस राहायचं तर वरचा हिशेब बदलतो. तुमची विमा पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ-भूतानसाठी ‘भौगोलिक विस्तार’ जास्तीचा हप्ता भरून घेता येतो, पण तो स्वतःहून मागावा लागतो.

यापुढच्या देशांना जायची इच्छा असेल तर दोन शब्द माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओतून मिळतो, अर्ज नमुना ४-अ, मुदत एक वर्ष. आणि कार्ने, म्हणजे गाडीचा पासपोर्ट. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक तुकडा फाडला जातो, बाहेर पडताना दुसरा, आणि आपल्याकडे उरणाऱ्या तिसऱ्यावर दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कार्नेसाठी भरलेली अनामत अडकते. नवख्याने पहिल्या प्रवासात याच्या वाटेला जाऊ नये.

भाद्रपद : गाडी आणि शरीर

गाडी गॅरेजला टाकून ‘सगळं बघून घ्या’ म्हणू नका. शेजारी स्टुलावर बसा आणि प्रत्येक काम बघा.

टायरपासून सुरुवात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. टायर पाच वर्षांपुढचा असेल तर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. नव्या टायरवर पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा, म्हणून ते चाचणीच्या आधी बसवायचे, निघायच्या आदल्या दिवशी नाही.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती दात्यांची चाकं, एकत्र बदलतात. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती लवकर झिजते. ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, बहुतेक गाड्यांत २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या मध्ये, बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा. नवख्याची चूक म्हणजे चेन ताठ करणं. सामान चढलं आणि गाडी दबली की चेन आणखी ताणते, मग बेअरिंग जातं. दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्या, आणि ते मुक्कामी पोचल्यावर, चेन गरम असताना.

जादा क्लच केबल बॅगेत ठेवू नका. जुन्या केबलच्या शेजारूनच नवी ओढून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवा, दोन्ही टोकं झाकून. केबल तुटली की फक्त टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम.

पंक्चर घरच्या अंगणात एकदा स्वतः काढलंच पाहिजे. ट्यूबच्या गाडीचं सांगतो, कारण तीच अवघड. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मधला स्टँड नसेल तर इंजिनाखाली भक्कम दगड-लाकडाचा टेकू. मागच्या एक्सलचा नट काढण्याआधी चेन-अॅडजस्टर कितव्या खुणेवर आहे त्याचा फोटो घ्या. चाक निघालं की व्हॉल्व्हमधली हवा पूर्ण सोडा आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी पायाने दाबून रिमच्या खोलगट मध्यात बसवा. ही पायरी गाळली तर लिव्हरला, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीला, कितीही जोर लावा, कड येत नाही. लिव्हर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने नाही, व्हॉल्व्हजवळून घाला. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. हाताने चाचपू नका. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आतून सुईसारखा उभा असतो. तो राहिला तर नवी ट्यूब दहा किलोमीटरवर जाते. नव्या ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरूनच ती आत बसवा, म्हणजे पीळ पडत नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही. शेवटची कड पुन्हा व्हॉल्व्हजवळच आत घ्यायची. पहिल्यांदा दीड तास लागेल, तिसऱ्यांदा चाळीस मिनिटं. ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या दोऱ्या, सुया आणि छोटा पंप, आणि एका टाकाऊ टायरवर दोनदा सराव.

सोबत न्यायचे सुटे भाग एवढेच : मागच्या-पुढच्या ट्यूब, स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, ब्रेक पॅड किंवा शूचा एक जोड, तार, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चिकटपट्टी, आणि तुमच्या गाडीला लागतात तेवढेच पाने. आवश्यक पाने ओळखायची युक्ती सोपी आहे : चाचणीत फक्त सोबतच्या पान्यांनी चेन ताणा, चाक काढा, आरसे घट्ट करा. जो लागला नाही तो घरी.

शरीराचं काम याच महिन्यात, कारण दातांना आणि पाठीला वेळ लागतो. दात दाखवून घ्या; दुखऱ्या दाढेने अरुणाचलच्या डोंगरात हाल होतात. धनुर्वाताची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. रोज पाऊण तास चाला आणि कंबर-पाठीचे साधे व्यायाम करा. सहा तास गाडीवर बसणं ही कमरेची मेहनत आहे. तवांग सुमारे ३,००० मीटरवर आहे आणि वाटेतली सेला खिंड ४,१०० मीटरच्या वर. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून खिंडीचा माथा टाळता येतो, पण उंची टळत नाही. संभाजीनगर जेमतेम ५७० मीटरवर. अडीच हजार मीटरच्या पुढे डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं सुरू झालं तर वर चढायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं. तीन हजारांच्या वर रोजचा मुक्काम आधीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

औषधांच्या डब्यात ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचे दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हेल्मेटच्या आत नको, जॅकेटच्या डाव्या खिशात. अपघातानंतर हेल्मेट भलतीकडेच राहतं.

आश्विन : चार दिवसांची चाचणी

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ही आपली रीतच आहे. दसरा झाला की पूर्ण सामानासह, पूर्ण वेशात, चार दिवस मराठवाड्यातच फिरून या. नऊशे किलोमीटरच्या आसपास होतात.

पहिला दिवस छत्रपती संभाजीनगर, पैठण, बीड, मांजरसुंब्याचा घाट, अंबाजोगाई. घाटात सामानासह गाडी वळणावर कशी झुकते, उतारावर ब्रेक किती लागतात ते कळतं. दुसरा दिवस लातूर, औसा, तुळजापूर, नळदुर्ग. अंतर मुद्दाम कमी आहे. उरलेल्या वेळात स्वयंपाक करा, कपडे धुवा, हिशेब लिहा. प्रवासातले निम्मे दिवस असेच असतात आणि नवख्याला त्यांचाच कंटाळा येतो. तिसरा दिवस राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरून लातूर, अहमदपूर, नांदेड. या दिवशी फोनवरचा नकाशा बंद, विचारत विचारत जायचं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरला बसा आणि डोकं झाकून, जोडे बाहेर ठेवून वावरायची सवय करा. पुढे उत्तरेत अनेक ठिकाणी हेच रात्रीचं छप्पर असतं. चौथा दिवस औंढा नागनाथ, जिंतूर, जालना आणि घर. जालन्याहून येताना समृद्धीकडे वळू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे.

तारीख निवडताना कोजागरी टाळा. आश्विन पौर्णिमेला तुळजापूरचे सगळे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात, वाहतूक वळवलेली असते. आणि परतीचा पाऊस झाला असेल तर डांबर सोडून शेतवाटेला जाऊ नका. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक फिरत नाही, आणि ते काढायला काडी आणि तासभर वेळ लागतो. दोन दिवसांचं ऊन लागलं की त्याच वाटेने जाता येतं.

रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहा : काय दुखलं, काय सापडलं नाही, काय वापरलंच नाही.

सामान

चाचणीहून आल्यावर सगळं सतरंजीवर मांडा. चार दिवसांत न वापरलेल्या वस्तूंपैकी औषधं, सुटे भाग आणि पावसाळी कपडे सोडून बाकी सगळं बाजूला काढा. मग उरलेलं ओळखीच्या आडत दुकानातल्या काट्यावर तोला. एकट्याचं सामान २५ किलोच्या आत हवं. डाव्या आणि उजव्या बॅगेत दोन किलोहून जास्त फरक नको. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ. शेपटीवर जड बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं. सायलेन्सरच्या बाजूची बॅग चार बोटं लांब आहे ना, ते गाडी दाबून बघा.

कपडे तीन जोड. थंडीसाठी एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. हातमोज्यांवर मात्र हात आखडता घेऊ नका. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये असं धुकं पडतं, जे मराठवाड्यातल्या चालकाने पाहिलेलं नसतं. समोरचा ट्रक दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही. त्या पट्ट्यात सकाळी दहाच्या आधी निघायचंच नाही, हे वहीत ठळक लिहून ठेवा.

खाण्याचं आपल्याकडे उत्तम आहे. धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते. शेंगदाण्याची सुकी चटणी अर्धा किलो. आणि येसर, किमान पाव किलो. भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले दळून केलेलं हे पीठ हलकं आणि महिनोन्‌महिने टिकणारं. दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, लसणाच्या फोडणीत ओतायचं, उकळी आली की आमटी तयार. गरम पाण्यात थेट टाकलं तर गोळे होतात. डब्यात ओला चमचा घालू नका.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात झोप उडते. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं, आणि हात आपोआप खरेदीकडे जातात. खरेदी भाऊबीजेच्या आठ दिवस आधी बंद. कुणी दिलेला सल्लाही आता ऐकून घ्यायचा, पण त्यावर सामान उघडायचं नाही. हुरहुर फार झाली तर पहिलं पान पुन्हा वाचा आणि घरातली राहिलेली बारीक कामं करा : गळका नळ, बंद पडलेला ट्यूबलाइट. त्याने हात गुंतलेले राहतात आणि मागे राहणाऱ्यांनाही बरं वाटतं. लहान मुलं असतील तर त्यांना भिंतीवर नकाशा लावून द्या, रोज टाचणी टोचायचं काम त्यांचं.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. फक्त टाकी भरायची आणि गार टायरमध्ये सामानाच्या हिशेबाने हवा बघायची.

पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे किलोमीटरच जा. लातूरकरांनी नांदेडला थांबावं, नांदेडकरांनी यवतमाळला. निरोप, देवदर्शन, पाया पडणं यात दहा वाजतातच, आणि डोळे ओले असताना वेग नको. मुक्कामी पोचल्यावर कॅरिअरचे चारही बोल्ट पान्याने तपासा. पहिल्या दिवशी ते हमखास ढिले होतात. चेनला हात लावून बघा, बॅगांचे पट्टे पुन्हा आवळा. आणि आठ वाजता घरी फोन करा.